एका 'स्टार्ट'ला चेकमध्ये दहा शब्द का, आणि त्यातला कुठला कधी वापरायचा

तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणहून दीड वर्षासाठी चेकियातल्या म्लादा बोलेस्लावला आलाय, इंग्रजीतून चेक शिकताय, डिक्शनरीत 'स्टार्ट' टाकलं की दहा-बारा शब्द येतात, म्हणून तुम्ही सगळीकडे पहिलाच शब्द 'झाचीत' वापरता आणि समोरच्याला कळतं पण तो क्षणभर थांबतो. सोबत तुम्ही चार वाक्यं दिलीत: गाडी स्टार्ट होत नाहीये, मी सोमवारपासून स्टार्ट करतोय, मी रिपोर्ट लिहायला स्टार्ट केलं, आणि प्रॉडक्शन ऑक्टोबरमध्ये स्टार्ट होणार.

मी गेली 17 वर्षं ब्रनोमध्ये राहून चेक-इंग्रजी-मराठी भाषांतर आणि दुभाष्याचं काम करते, त्यातला मोठा भाग कारखान्यातला. या शब्दावर मी स्वतः भरपूर अडखळलेय म्हणून जरा सविस्तरच लिहिते. उच्चारासाठी एक सांगून ठेवते, खाली जिथे झ लिहिलाय तो बहुतेक ठिकाणी 'झेब्रा'तला झ समजा, 'झाड'मधला नाही. आणि ट नाही, सगळीकडे आपला त.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इंग्रजीला मध्ये आणू नका. तुम्ही 'स्टार्ट'वरून चेककडे जाताय म्हणून वाट चुकते, मराठीवरून जा. आपण तरी कुठे सगळीकडे 'सुरू करणे' म्हणतो? नोकरीवर आपण रुजू होतो, प्रवासाला निघतो, संस्था स्थापन करतो, शेकोटी पेटवतो, आवाजाने दचकतो, मूल रडू लागतं, नळाला पाणी सोडतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'स्टार्ट' चालून जातं किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी येतं, पण आपल्याला वेगळा शब्द लागतो, आणि चेकलाही जवळजवळ त्याच जागांवर वेगळा शब्द लागतो. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर माझे किती तरी महिने वाचले असते.

आता गाडी. तुम्ही म्हणालात 'आउतो नेझाचीना', म्हणजे शब्दशः 'गाडी आरंभ करत नाही'. चेक माणूस इथे म्हणतो 'नेय्दे मी नास्तार्तोवत आउतो', मला गाडी स्टार्ट करता येत नाहीये. इंजिनासाठी 'नास्तार्तोवत' हाच शब्द, इंग्रजीतून आलेला पण पूर्ण चेक झालेला, आणि त्याचं कुटुंबही आहे, इंजिनाचा स्टार्टर तो 'स्तार्तेर', आणि बॅटरी बसली की जोडायच्या वायरी त्या 'स्तार्तोवात्सी काबेली'. या वायरी डिकीत ठेवाच, तुमचा पहिला हिवाळा आहे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला मी किल्ली फिरवत बसले होते, नुसता टक टक टक आवाज, काचेवर आतून पण बर्फ. खालच्या मजल्यावरचे आजोबा चपला घालूनच बाहेर आले, स्वतःची गाडी शेजारी लावली, वायरी जोडल्या, मला हाताने खूण केली फिरव म्हणून. तिसऱ्या वेळेला इंजिन घरघरलं आणि त्यांनी टाळी वाजवून म्हटलं, 'नास्कोचिल!' तो शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. 'स्कोचित' म्हणजे उडी मारणे, 'नास्कोचित' म्हणजे उडी मारून आत चढणे. मोतोर नास्कोचिल, इंजिनाने उडी घेतली, म्हणजे ते चालू झालं. माणूस 'नास्तार्तोवत' करतो आणि इंजिन 'नास्कोचित' करतं, हा फरक त्या पार्किंगमध्ये जो कळला तो कायमचा.

गंमत अशी की इंग्रजी 'स्टार्ट'चा जुना अर्थ पण उडी मारणे, एकदम उसळणे हाच होता, 'आरंभ करणे' हा अर्थ पुढे आला. त्या जुन्या अर्थाचा अवशेष इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत अजून सापडतो, दार आपटलं आणि ती 'स्टार्ट' झाली. इथे शिकणारे हमखास 'तिने सुरुवात केली' असं करतात आणि वाक्याचं वाटोळं होतं. मराठीत ती दचकली, चेकमध्ये 'त्रह्ला सेबोउ', शब्दशः तिने स्वतःला हिसका दिला. तुम्हाला रोजच्या कामात लागणार नाही, पण वाचायला लागलात की पहिल्या शंभर पानांत भेटेलच.

गाडी चालू झाली, आता ती हलली. यासाठी पुन्हा वेगळा शब्द, 'रोझयेत से'. ट्राम थांब्यावरून हलली, ट्रेन निघाली, तेव्हा 'रोझयेत से'. ड्रायव्हिंग शिकताना चढावर गाडी उठवायची परीक्षा असते ना, ती 'रोझयेस्त दो कोप्त्से'. आणि धंदा सुरू करून तो चालता केला तर तिथेही बोलीभाषेत हाच, 'रोझयेत बिझनिस', आपण 'धंद्याला गती आली' म्हणतो त्यातलं काहीतरी. आणि आपण स्वतः घरून निघालो तर 'विराझित', शनिवारी डोंगरावर कधी निघायचं असं इथले लोक गुरुवारपासून विचारत असतात, त्यात हेच क्रियापद असतं.

दुसरं वाक्य, सोमवारपासून नोकरी. 'फ पोन्द्येली नास्तुपुयु', मी सोमवारी रुजू होतोय. 'नास्तोउपित' आणि त्याचं नाम 'नास्तुप'. या शब्दाकडे नीट बघा कारण तो तुम्हाला रोज ऐकू येणार आहे. प्रागच्या मेट्रोत दारं बंद व्हायच्या आधी जी घोषणा होते, 'उकोन्चेते प्रोसीम विस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी', कृपया उतरणं आणि चढणं थांबवा, दारं बंद होतायत, त्यातला नास्तुप हाच. म्हणजे चेक माणूस नोकरीत 'चढतो'. जाहिरातीत 'नास्तुप इह्नेत' दिसलं की लगेच रुजू व्हा. तुमच्या करारातही हा शब्द असेलच, कारण चेक कामगार कायद्यानुसार नोकरीच्या करारात तीन गोष्टी असाव्याच लागतात, कामाचा प्रकार, कामाची जागा आणि रुजू होण्याचा दिवस, आणि त्या तिसऱ्याचं नाव 'देन नास्तुपु दो प्रात्से'. तिथे कुणी 'झाचातेक प्रात्से' लिहिलं तर तो सकाळी काम कितीला सुरू होतं याचा रकाना वाटेल. मी एका भाषांतरित करारात नेमकं हेच बघितलंय, तारखेच्या जागी त्या मुलाने 'सकाळी 6' लिहून दिलं होतं, चूक त्याची नव्हती, भाषांतर करणाऱ्याची होती.

कॉम्प्युटर आणि मशीनसाठी 'स्पुस्तित'. प्रोग्राम चालवा, बटण दाबून मशीन चालू करा, अलार्म वाजवा, सगळं 'स्पुस्तित'. याच्या पोटात 'पुस्तित' आहे आणि पुस्तित म्हणजे सोडणे. इथे मराठी माणसाला फार सोपं जातं. आपण नळाला पाणी सोडतो, चेक पण नळ उघडताना 'पुस्तित वोदु'च म्हणतो. आपण नाव पाण्यात सोडतो, तेही जहाज पाण्यात 'स्पुस्तित' करतात. एसटीची गाडी 'सोडली' असं आपण म्हणतो. तर काहीतरी अडवून ठेवलेलं, तयार असलेलं, तुम्ही मोकळं केलंत आणि ते वाहायला, चालायला लागलं, ते 'स्पुस्तित'. हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं की चुकत नाही. एक लक्षात ठेवा मात्र, दोर खाली सोडणे, नांगर खाली सोडणे यालाही हाच शब्द, त्यामुळे शॉपफ्लोअरवर क्रेनजवळ कुणी 'स्पुस्तित' ओरडलं तर भार खाली येतोय, सरका बाजूला.

आणि नवीन मशीन बसवून, तपासून, पहिल्यांदा कामाला लावणं हे स्पुस्तित नाही. मॅन्युअलमध्ये त्याचं प्रकरण 'उवेदेनी दो प्रोवोझु' या नावाने असतं. इंग्रजी मॅन्युअलमध्ये दोन्हीला 'स्टार्ट-अप' लिहिलेलं असतं म्हणून नवखे भाषांतरकार दोन्हीकडे एकच शब्द टाकतात, मग ऑपरेटरला रोज सकाळी बटण दाबायच्या जागी अर्थिंग तपासण्याची पानं उघडावी लागतात.

संस्था, कंपनी काढली तर 'झालोझित', पाया घालणे म्हणा. राजा चौथ्या कारेलने 1348 मध्ये प्रागचं विद्यापीठ 'झालोझिल', तुमच्या गावात लाउरिन आणि क्लेमेंट यांनी 1895 मध्ये सायकलींचा उद्योग (तीच पुढची स्कोडा) 'झालोझिली'. बँकेत खातं उघडलं तरी 'झालोझित'. पण कुणी मुद्दाम आग लावली तर तिथेही 'झालोझित पोझार'! तेव्हा ग्रिल पार्टीला बोलावलं आणि तुम्ही मदतीला पुढे झालात तर 'आग झालोझित करू का' असं विचारू नका. शेकोटी पेटवायला 'रोझद्येलत ओहेन्य'. जंगलाच्या वाटेवर 'झाकाझ रोझद्येलावानी ओह्न्ये' अशी पाटी दिसली तर शेकोटी पेटवायला मनाई, आणि ती पाळा, जंगलात आणि जंगलाच्या कडेपासून 50 मीटरच्या आत आग पेटवणं कायद्यानेच बंद आहे.

सभा, बैठक, परिषद, तपास, खटला, म्हणजे जिथे कुणीतरी अधिकाराने 'आता सुरू' असं जाहीर करतं, तिथे 'झाहायित'. आपण 'कामकाजाला प्रारंभ' म्हणतो तो थाट. बातम्यांत पोलिसांनी कुणावर फौजदारी कारवाई सुरू केली की 'झाहायिली त्रेस्त्नी स्तीहानी'. घरात जेवायला सुरुवात करताना हा शब्द वापरू नका, तिथे 'पुस्तित से दो यीदला', जेवणावर तुटून पडा म्हणा हवं तर. (परत 'सोडणे' आलं बघा, स्वतःला जेवणात सोडणे.) हॉटेलातलं स्टार्टर म्हणजे 'प्र्झेतक्रम', आणि ब्रेड आंबवायचा स्टार्टर म्हणजे 'क्वासेक', आपलं विरजण असतं तसं, शेजारणी एकमेकींना वाटीतून देतात.

आता 'झाचीत' उरला, तुमचा आवडता. तो वाईट नाही, बोलण्यात निम्म्याहून जास्त वेळा तोच लागेल. शाळा 1 सप्टेंबरला 'झाचीना', सिनेमा आठला 'झाचीना', पाऊस पडायला लागला, 'झाचलो प्रशेत'. पण त्याच्याबरोबर जो घोटाळा होतो तो तुमच्या तिसऱ्या वाक्यात आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचंय, कारण क्लासमध्ये हे तक्ते पाठ करून घेतात आणि का ते सांगत नाहीत.

तुम्ही लिहिलंत 'झाचल सेम नाप्सत स्प्रावु'. चूक 'नाप्सत'ला आहे. चेकमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी असते, 'प्सात' म्हणजे लिहिणे, लिहीत असणे, आणि 'नाप्सत' म्हणजे लिहून काढणे, पुरं करणे. याला ते 'विद' म्हणतात. नियम असा की 'झाचीत'नंतर कायम पहिल्या प्रकारचं, चालू असलेलं क्रियापद येतं, दुसरं कधीच नाही. म्हणून 'झाचल सेम प्सात स्प्रावु'. इंग्रजीवाल्यांना हे कळायला वर्ष लागतं. आपल्याला लागू नये, कारण आपल्या कानात हा नियम आधीच आहे. म्हणून बघा: 'मी तो रिपोर्ट लिहायला लागलो', बरोबर. 'मी तो रिपोर्ट लिहून टाकायला लागलो', खटकतंय ना? एकच रिपोर्ट असेल तर खटकतंच. 'लिहून टाकणे', 'खाऊन घेणे', 'करून ठेवणे' यांत काम पुरं झाल्याचा अर्थ आहे, आणि पुरं झालेल्याची सुरुवात कशी करणार? जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, आपलं 'टाकणे' चेकच्या 'ना'सारखं सगळीकडे वापरता येत नाही, पण शंका आली की मनात मराठी वाक्य 'टाकणे' लावून म्हणून बघा, खटकलं तर चेकमध्येही ते रूप नको. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना मी हेच सांगते आणि बहुतेकांची ही चूक दोन आठवड्यांत जाते.

'झाचीत'ची स्वतःची जोडी 'झाचीनत'. 'झाच्नु' म्हणजे मी सुरू करेन, भविष्यकाळ झाला, वेगळं काही लावायचं नाही. 'बुदु झाचीत' हे चेकमध्ये नाहीच, कितीही मोह झाला तरी. 'झाचीनाम' म्हणजे मी सुरू करतोय, आत्ता किंवा नेहमी. नवीन ॲप उघडल्यावर पहिल्या पानावर 'झाचीनामे' दिसतं ते हेच, चला सुरुवात करूया अशा अर्थाने. आणि काम हे नाम असेल तर 'झाचीत स प्रात्सी', म्हणजे 'कामाशी सुरुवात', हे 'स' विसरू नका.

आणखी एक फार सुंदर सोय आहे. आपल्याकडे 'रडू लागली', 'हसू लागला', 'धावू लागला' असं 'लागणे' जोडून होतं, चेक तेच काम शब्दाच्या आधी 'रोझ' (काही ठिकाणी उच्चार 'रोस') लावून आणि नंतर 'से' ठेवून करते. रडू लागली, 'रोस्प्लाकाला से'. हसू लागला, 'रोझेस्माल से'. धावत सुटला, 'रोझ्ब्येहल से'. पाऊस लागला, 'रोस्प्रशेलो से'. 'झाचला प्लाकत' पण बरोबरच आहे, पण 'रोस्प्लाकाला से'मध्ये बांध फुटल्यासारखं आहे, आपल्या 'रडू कोसळलं'च्या जवळचं. लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं घ्या लायब्ररीतून, पानापानावर सापडेल, आणि ही रूपं वापरायला लागलात की तुमची चेक एकदम ऐकण्यासारखी होते.

खेळाच्या पानावर सावध राहा. तिथे 'स्तार्तोवत' म्हणजे स्पर्धेत उतरणे, भाग घेणे. एमिल झातोपेक 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉनमध्ये 'स्तार्तोवल', म्हणजे तीन शर्यती धावला (आणि तिन्ही जिंकला, मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता). त्याने ऑलिंपिक सुरू केलं असा अर्थ नाही. आणि अंगणातली पोरं शर्यत लावताना 'स्तार्त' म्हणतच नाहीत, 'प्र्झिप्रावित, पोझोर, तेत्य!' म्हणतात, तयार, सावध, आत्ता!

शब्दांची आवड असेल तर हे ठेवा तुमच्याकडे: चेकमध्ये सुरुवात 'झाचातेक' आणि शेवट 'कोनेत्स', ऐकायला काहीच संबंध वाटत नाही, पण दोन्ही शब्द एकाच जुन्या स्लाव्ह धातूपासून आलेत. कड म्हणा, टोक म्हणा, दोरीला दोन्हीकडून असतंच.

तुमचं चौथं वाक्य मी शेवटी ठेवलं कारण त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुमच्या प्लॅनिंगवाल्यांनीच द्यायचंय. 'प्रॉडक्शन ऑक्टोबरमध्ये स्टार्ट'. कारखान्यात याला दोन शब्द आहेत आणि दोघांत काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर असतं. 'झाहायेनी विरोबी' म्हणजे ज्या दिवशी उत्पादन अधिकृतपणे सुरू झालं तो दिवस, फोटो, भाषण, पहिली गाडी. 'नाब्येह विरोबी' म्हणजे तो सगळा काळ ज्यात लाइन हळूहळू वेग पकडते, आज दहा, पुढच्या आठवड्यात चाळीस, दोष निघतायत, माणसं शिकतायत. 'ब्येह' म्हणजे धाव, नाब्येह म्हणजे उडीच्या आधीची धाव म्हणा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी दुभाषी म्हणून बसले होते. भारतातून आलेल्या टीमचे साहेब म्हणाले 'स्टार्ट मार्चमध्ये', मी 'झाहायेनी' म्हटलं. त्यांच्या मनात नाब्येह होता, थोडा थोडा माल. समोरच्या बाईंनी वहीत मार्चपासून पूर्ण माल असं लिहून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात ट्रक किती लागतील यावर दोन्हीकडचे आवाज चढले तेव्हा मला कळलं की काय झालंय. मी तिथेच सांगितलं की शब्द माझा चुकला, दोन तारखा वेगळ्या लिहून घेतल्या, मिटलं. पण तेव्हापासून 'प्रॉडक्शन स्टार्ट' ऐकलं की मी भाषांतर करायच्या आधी थांबते आणि विचारते, झाहायेनी का नाब्येह? तुम्ही मीटिंगला जाल तेव्हा ईमेल पाठवायच्या आधी हाच प्रश्न विचारा, शक्य असेल तर दोन्ही तारखा मागा आणि दोन वेगळ्या ओळींत लिहा. चेक सहकारी यावर चेहरा वेगळा करणार नाहीत, उलट खुर्ची जवळ ओढून कॅलेंडर उघडतील.